तिथं कोण जाऊन आलं?

2024च्या जानेवारीत इस्रोची एक बातमी मी इथंच टाकली होती. 1 तारखेला एक्सपोसॅट उपग्रह उडाला. 5 तारखेला त्यावरचं एक्सपेक्ट हे उपकरण 'कॅसिओपिया ए' या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाकडं वळवलं, आणि त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, आरगॉन, कॅल्शियम, लोह असल्याचं दिसलं. खाली एकानं लिहिलं, "भाऊ, अकरा हजार प्रकाशवर्षं लांब. तिथं कोण जाऊन आलं?" त्यावर हसणाऱ्या इमोजींचा पाऊस. मी उत्तर दिलं नाही, कारण मला येतच नव्हतं. प्रेसनोट जशीच्या तशी उतरवलेली. पत्रकारितेच्या डिप्लोमात 'कसं?' विचारायला शिकवलं होतं, तेवढंच विसरलो.

उत्तर मिळालं नगरच्या सराफ बाजारात. दवाखान्याचं बिल भरायचं होतं म्हणून आईनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. सराफानं एक पाटली मशीनच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं. थोड्याच वेळात पडद्यावर आकडे आले: सोनं इतकं, तांबं इतकं, चांदी इतकी. घासणं नाही, तेजाब नाही. म्हटलं, "हे कसं कळतं?"

"एक्स-रे मारतं साहेब. प्रत्येक धातूचा वेगळा एक्स-रे परत येतो."

घरी येऊन वाचत बसलो. अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडाला की बाहेरचा त्याच्या जागी येतो आणि ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण सुटतो. तांब्याचा साधारण 8 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा, सोन्याचा 9.7चा. मूलद्रव्याची अशी खूण नगरातही असते, आकाशातही असते. ताऱ्याच्या अवशेषावर एक्स-रे मारावे लागत नाहीत. स्फोटाच्या धक्क्यानं तिथला वायू कोटी अंशांच्या घरात तापलाय, तो आपणहून क्ष-किरण सोडतो. त्या स्फोटाचा उजेड पृथ्वीवर पोचला सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळाच्या आसपास.

पारनेरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला मोठाल्या थाळ्या आहेत. त्या रेडिओ लहरी जमिनीवरून पकडतात. क्ष-किरण मात्र हवेतच अडतात, म्हणून उपग्रह लागतो. 2015 साली गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवरची क्ष-किरण दुर्बीण तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बनवली.

तेव्हा कॉमेंटवाल्या भाऊ, उशिरा सांगतो: कोणी गेलं नव्हतं. किरण इकडं आले.

आता पाटल्यांचं. चाळीस वर्षांपूर्वी बावीस कॅरेट म्हणून घेतलेल्या, निघाल्या अठराच्या. मशीन वरचा पातळ थरच वाचतं म्हणून वितळवून परत बघायला लावलं. आकडा तोच. पावती नाही, विकणारा आता हयात नाही. तुमच्या घरातलं जुनं सोनं मोडायच्या आधी हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या, पैसे देऊन कुणालाही तपासून मिळतं.

आई काही बोलली नाही. रात्री मी तिला ताऱ्याचं सगळं सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "त्यात सोनं निघालं का रे?"

म्हटलं, नाही. यादीत नव्हतं.