एका 'टू'ची गोष्ट

बाभळीचा काटा पायात मोडला तर तो सुईने काढता येतो. मनात मोडलेला शब्द मात्र असा सहजासहजी निघत नाही. माझ्या मनात एक शब्द तीन वर्षे मोडून बसला होता. शब्द तसा अगदीच क्षुल्लक, इंग्रजीतला 'टू'! एवढ्याशा शब्दाचे काय ते दुःख, असे कुणी म्हणेल. म्हणूनच ही गोष्ट सांगायची आहे.

आमचे आप्पा सुतारकाम करतात. हात कसबी; दाराच्या चौकटीला त्यांनी सांधा दिला की फट शोधून सापडायची नाही. पण संध्याकाळ झाली की त्यांची पावले घराकडे वळण्याऐवजी गुत्त्याकडे वळत. मी नववीत असताना, गणपतीच्या दिवसांत, एके रात्री त्यांनी त्या दिवसाची सगळी मजुरी आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आजपास्नं बंद." असे 'बंद' आम्ही पूर्वीही ऐकले होते. त्यामुळे आई काही बोलली नाही. या वेळी मात्र ते खरे ठरले. पहिले पंधरा दिवस त्यांच्या हाताला रंधा धरवत नव्हता. सरकारी दवाखान्यातली औषधे चालू होती. रात्र रात्र ते अंगणात येरझाऱ्या घालीत आणि आई उंबऱ्यावर बसून राही. त्या पावलांचा आवाज मला अजून आठवतो.

अकरावीत असताना इंग्रजीच्या तासाला निबंध आला, 'मला अभिमान वाटणारी व्यक्ती'. बहुतेकांनी गाइडमधून थोर पुरुष उतरवून काढले. मी ठरवले, आपण आप्पांवर लिहायचे. रात्री जागून, शब्दकोश उशाशी घेऊन दीड पान लिहिले. त्यातले माझे सर्वांत लाडके वाक्य होते : 'टू इयर्स अगो माय फादर स्टॉप्ड टू ड्रिंक.' दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी दारू पिणे थांबवले, असा माझ्या मते त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी ती वही वर्गात मोठ्याने वाचली गेली. या वाक्यापाशी वाचणारे थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे हिचे वडील वाटेत थांबले. कशासाठी? तर प्यायला!" वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांचा काय दोष? व्याकरणाने तो अर्थ अगदी बरोबर होता. ज्या गुत्त्यातून बाहेर पडायला आप्पांना इतके कष्ट पडले, तिथे मी त्यांना एका 'टू'ने पुन्हा नेऊन बसवले होते!

त्यानंतर मी स्वतःचे असे इंग्रजी वाक्य लिहिणेच सोडून दिले. जे लिहायचे ते गाइडमधले. चूक नको आणि हसे नको.

या महाविद्यालयात आल्यावर एकदा ट्युटोरियलला आमच्या सरांनी फळ्यावर चक्क मराठीत दोन वाक्ये लिहिली : 'तो चहा प्यायला थांबला.' आणि 'त्याने चहा पिणे थांबवले.' मग वर्गाकडे वळून विचारले, "सांगा पाहू, यांपैकी कुणाच्या हातात कप आहे?"

"पहिल्याच्या!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"मग पहिल्याला इंग्रजीत 'स्टॉप्ड टू ड्रिंक' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'स्टॉप्ड ड्रिंकिंग'. हा फरक तुम्हाला कुणी शिकवला? कुणीच नाही. तुम्ही तो घरूनच घेऊन आलात!"

माझ्या अंगावर काटा आला. ज्या मराठी माध्यमामुळे आपले इंग्रजी कच्चे राहिले असे मी समजत होते, त्याच मराठीत हा भेद लख्ख दिसत होता. मग मी चुकले कुठे? विचार करता उलगडा झाला. शाळेत आम्ही क्रियापदांचे तक्ते पाठ केले होते : 'टू गो' म्हणजे जाणे, 'टू ईट' म्हणजे खाणे, 'टू ड्रिंक' म्हणजे पिणे. त्यामुळे 'पिणे' दिसले की मी डोळे मिटून 'टू' चिकटवीत असे. वास्तविक हा 'टू' आपल्या 'ला'चा चुलतभाऊ. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो दिशा आणि हेतू दाखवीत असे. 'गावाला जाते' यातला 'ला' दिशेचा आणि 'शिकायला जाते' यातला हेतूचा, तसाच. संस्कृत घेतलेल्यांना तुमन्त आठवेल. शाळेत त्याला 'हेत्वर्थक' म्हणतात ते उगीच नव्हे.

मग मला खेळच सापडला. 'मी सांगायला विसरले' यात 'ला' आहे, म्हणून 'फरगॉट टू टेल'. सांगायचे राहूनच गेले. 'मी सांगितल्याचे विसरले' म्हणजे 'फरगॉट टेलिंग'; सांगून झाले आहे, आठवण तेवढी गेली. 'खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला' म्हणजे 'ट्राइड टू ओपन'. खिडकी बहुधा घट्ट बसली होती. 'खिडकी उघडून पाहिली' म्हणजे 'ट्राइड ओपनिंग'. खिडकी उघडली, पण उकाडा गेला की नाही ते निराळे! आपल्या साध्या 'ऊन पाहणे'त केवढी व्याख्या दडली आहे!

पण वाचकहो, मराठीची ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'पोहायला आवडते' याचे 'लाइक टू स्विम' होते, पण म्हणून 'एन्जॉय टू स्विम' म्हणता येत नाही. 'एन्जॉय'ला 'स्विमिंग'च हवे. 'सरांनी मला थांबायला लावले' यात 'ला' ठसठशीत आहे, म्हणून आपण 'मेड मी टू वेट' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र तिथे 'टू' नाही, 'मेड मी वेट' एवढेच. गंमत अशी, की वाक्य कर्मणी केले की गेलेला 'टू' परत येतो : 'आय वॉज मेड टू वेट'. 'लेट' मात्र आपल्यासारखाच. 'त्याला जाऊ दे' यात 'ला' जाण्याला लागत नाही आणि 'लेट हिम गो' यातही 'टू' नाही. 'त्याने यावे असे मला वाटते' हे तर आम्ही हमखास 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' असे लिहितो. इंग्रजी म्हणते, 'आय वॉन्ट हिम टू कम'. सर म्हणाले, "क्रियापद एकटे पाठ करू नका. पंगतीत त्याच्या शेजारी कोण बसते ते पाहा आणि दोघांना मिळूनच ओळखा." तेव्हापासून मी वहीत सुटे शब्द लिहीत नाही, वाक्ये लिहिते.

त्या दिवशी तास संपल्यावर मी सरांना अकरावीतले ते वाक्य लिहून दाखवले. त्यांनी वाचले. हसले नाहीत. लाल पेनही काढले नाही. वही परत देत म्हणाले, "हे तूच दुरुस्त कर. वाक्य तुझे आहे." मी 'टू' खोडला आणि 'ड्रिंक'च्या शेपटाला 'इंग' जोडले. एवढेच काम, अर्ध्या मिनिटाचे.

घरी गेले तेव्हा आप्पा पडवीत पाटाला पॉलिश-पेपर मारीत बसले होते. म्हणाले, "काय शिकवलं गं आज?" तीन वर्षे त्यांना न सांगितलेली ती हकिगत मी त्या दिवशी सगळी सांगितली, वर्ग हसला तेसुद्धा. मग दुरुस्त केलेले वाक्य वाचून दाखवले आणि खोडलेल्या 'टू'वर बोट ठेवून म्हणाले, "आप्पा, एवढाच फरक. हे काढलं की दारू सुटली!"

आप्पांनी वही हातात घेतली. लाकडाचा भुसा लागलेला अंगठा त्या खोडलेल्या जागेवरून फिरवला आणि वही माझ्याकडे देत म्हणाले,

"इंग्रजीत सोपं दिसतंय की गं. आमाला लई जड गेलं हुतं."