वेगळा माठ

या स्मरणिकेसाठी शाळेच्या निकालांविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले होते. आमच्या मनात मात्र एक माठ घर करून बसला आहे.

सातवीतला आमचा एक विद्यार्थी उपचारांनंतर वसतिगृहात परतला, तेव्हा त्याच्या ओटीपोटात उजव्या बाजूस त्याच्या आईचे मूत्रपिंड होते. आई शेतमजूर. स्टेरॉइडमुळे मुलाचा चेहरा इतका गोल झालेला की, सोबतीही क्षणभर थबकले. डायलिसिसच्या दिवसांत घोट मोजून पाणी पिणाऱ्या त्या लेकराला आता भरपूर पाणी पिण्याची आज्ञा होती, आणि ती तो मोठ्या आनंदाने पाळी.

१९५४ साली बॉस्टन येथे मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले, ते एकसारख्या जुळ्या भावांत. म्हणून शरीराने अवयव परका मानला नाही. इतरांचे, अगदी आईचेही, मूत्रपिंड शरीर परकेच मानते. ते टिकावे म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज नेमक्या वेळी घ्याव्या लागतात. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते आणि साधे दूषित पाणीही महागात पडते.

म्हणून आम्ही त्याच्यासाठी उकळलेल्या पाण्याचा वेगळा माठ ठेवला. वेगळा पेला, कोपऱ्यात वेगळी खाट. माठाच्या झाकणावर त्याचे नाव. डॉक्टरांनी स्वच्छ पाणी सांगितले होते, एकटे ठेवा असे सांगितले नव्हते. दरवर्षी २० मार्चला मुलांना १९२७ चे चवदार तळे समजावून सांगणाऱ्या आम्हांस त्या माठात काहीच खटकले नाही, याची लाज आजही वाटते.

तीन महिन्यांनी तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. गोळ्या चुकतात का, या डॉक्टरांच्या प्रश्नावर तो गप्प राहिला. परतताना एसटीत बोलला. रात्री आठची गोळी अभ्यासिकेच्या वेळेत येई. तो उठला की मुले म्हणत, "चालला माठवाला." मग गोळी खिशातच राही.

"सर, दुखणं होतं तेव्हा मी सगळ्यांच्याच माठातलं प्यायचो," तो म्हणाला. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सर्वांसाठीच पाणी उकळण्याचे आम्ही ठरविले. एका मुलासाठी एवढा गॅस जाळायचा काय, असे एका सहकाऱ्याने विचारले. वाद झाला आणि तो कडू झाला. अखेर पाणी उकळू लागले. रात्री आठला पाण्याची घंटा सुरू केली. आता सगळेच उठतात, पाणी पितात. त्या गर्दीत एक मुलगा गोळी घेतो. त्या पावसाळ्यात जुलाबाच्या तक्रारी कमी झाल्या, हे ओघाने आलेच.

क्रिएटिनिन उतरले, पण पूर्वीइतके नाही. उंची वर्गातील मुलांपेक्षा कमीच आहे. नवे मूत्रपिंड पोटाच्या पुढच्या भागात, त्वचेखाली जवळच असते, म्हणून कबड्डी वर्ज्य. आम्ही त्याला पंच केले. ते त्याला मुळीच आवडत नाही, आणि तसे तो स्पष्ट सांगतो.

आता तो नववीत आहे. पालकभेटीला आई येते, ती आधी गोळ्यांची डबी उघडून रिकामे खण बोटाने मोजते. मग आमच्याकडे पाहून म्हणते, "बरोबर हायेत, सर."