दोन ठिपक्यांच्या मधलं

भोपाळच्या आमच्या पिपलानीत एप्रिल ते जून हाय-फायचं नाव काढू नये. खिडकीत डेझर्ट कूलर धडधडत असतो आणि त्या आवाजात तानपुऱ्याची जवारी तर सोडाच, तबल्याचा अर्धा ठेकाही कूलर खातो. सीडीची रेंज कागदावर ९६ डेसिबल. त्यातली खालची निम्मी कूलरला दान करून आम्ही मे महिना काढतो. माझं खरं ऐकणं सुरू होतं दिवाळीनंतर. थंडी पडली, कूलरवर ताडपत्री चढली, जंबुरी मैदानावर कुणाची सभा नसली, की रात्री दहानंतर भेल कारखान्याच्या या जुन्या वस्तीत इतकं सामसूम होतं की अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुणसुद्धा ऐकू येते.

ती मला जरा जास्तच ऐकू येते, कारण नोकरी ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्येच गेली. मेन्स ५० हर्ट्झचे, पण गाभ्याचं पोलाद प्रत्येक सायकलमध्ये दोनदा ताणलं जातं, म्हणून ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो १०० हर्ट्झवर. आता गंमत बघा. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर तानपुऱ्याची पहिली तार, मंद्र पंचमाची, येते १०४ हर्ट्झच्या आसपास. शंभर आणि एकशे चार शेजारी बसले की सेकंदाला चार हेलकावे पडतात. गवई सुरात, तानपुरा सुरात, आणि तरी कुठेतरी काहीतरी कुरतडतंय असं वाटत राहतं. अ‍ॅम्प रॅकवरून काढून वेगळ्या फळीवर, जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवला आणि ते कुरतडणं गेलं. खर्च जवळजवळ शून्य.

अपस्केलरबद्दल लिहायला बसलो आणि ट्रान्सफॉर्मरवर घसरलो, याला कारण आहे. अपस्केलरचा डबा माझ्या खोलीत आला तेव्हा ही सगळी मंडळी, म्हणजे गुणगुण, उघड्या भिंती, कोपऱ्यात घुमणारा खर्ज, तिथे आधीपासून मुक्कामाला होती.

डबा आणला शेजारच्या क्वार्टरमधल्या एका तरुण इंजिनिअरनं. "काका, थोडे दिवस ठेवून घ्या. सीडी काय वाजते बघा, एकदम मास्टर टेप!" मी म्हटलं, "मास्टर टेप ऐकली आहेस का कधी?" तो हसला आणि डबा ठेवून गेला.

हा डबा करतो काय? सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ठेवलेला असतो. हा आकडा कुणाच्या कानातून आलेला नाही, व्हिडिओ टेपमधून आला आहे. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. एका ओळीत तीन सॅम्पल, म्हणजे तीन मोजमापं, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, करा गुणाकार. अपस्केलर या ४४,१०० सॅम्पलच्या मधोमध नवी सॅम्पल काढून घालतो आणि ८८,२००, १,७६,४०० किंवा त्याहून पुढे नेतो. नवी सॅम्पल आणतो कुठून? गणितातून. आणि इथेच निम्मे लोक "म्हणजे बनवाबनवी" म्हणून उठून जातात, उरलेले निम्मे "म्हणजे जास्त माहिती" म्हणून पाकीट काढतात. दोघंही चुकतात.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. त्याच ठिपक्यांतून आई एक रांगोळी काढायची, मावशी दुसरी. आवाजाच्या ठिपक्यांचं तसं नाही. मूळ आवाजात २२.०५ किलोहर्ट्झच्या वर काही नाही एवढी अट पाळली असेल, तर त्या ठिपक्यांमधून जाणारी रेघ एकच असते, दुसरी निघूच शकत नाही. नायक्विस्टनं १९२८ मध्ये याचा पाया घातला, शॅननच्या १९४९ च्या निबंधात त्याची नीट मांडणी झाली. म्हणजे मधले ठिपके आधीच ठरलेले आहेत, डबा फक्त ते काढून दाखवतो. नवं काही घालत नाही.

मग काढून दाखवायचे कशाला? कारण सॅम्पलपासून विजेचा सलग सिग्नल बनवताना २२ किलोहर्ट्झच्या वर मूळ आवाजाच्या आरशातल्या प्रतिमा उभ्या राहतात आणि त्या छाटाव्या लागतात. २० पर्यंत सगळं जाऊ द्यायचं आणि २२ च्या पुढे काहीच नाही, असा कडा कॉइल आणि कपॅसिटरमधून उभारणं महाकठीण. सोनीच्या १९८२ च्या पहिल्या प्लेअरनं तोच अ‍ॅनालॉग कडा चढायचा प्रयत्न केला. फिलिप्सनं त्याच वेळी वेगळी वाट धरली: आधी गणितानं सॅम्पल चौपट करायची, प्रतिमा दूर ढकलायच्या, मग पुढे सौम्य उताराचा फिल्टर पुरतो. त्यांच्याकडे चिप १४ बिटची होती आणि तरी या युक्तीनं ती १६ बिटच्या तोडीचं काम करायची. म्हणजे ज्याला आज अपस्केलिंग म्हणून नव्यानं विकतात ते सीडीच्या जन्मापासून चालू आहे. तुमच्या साध्या डॅकमधली, म्हणजे आकड्यांचा विजेचा सिग्नल करणाऱ्या यंत्रातली, चिपही बहुधा आठपट ओव्हरसॅम्पलिंग करतेच. बाहेरचा डबा तेच काम तिच्या आधी, जास्त बारकाईनं करून ठेवतो.

बारकाई म्हणजे किती? मधलं एक सॅम्पल अचूक काढायचं तर आजूबाजूच्या सगळ्या सॅम्पलना आपापलं वजन देऊन बेरीज करावी लागते. "सगळ्या" म्हणजे शब्दशः अनंत. ते शक्य नाही, म्हणून कुठेतरी तोडतात. चिपमधला फिल्टर काही शे गुणाकारांवर थांबतो. कॉर्ड या इंग्लिश कंपनीचा ह्यूगो एम स्केलर २०१८ मध्ये आला, रॉब वॉट्स यांनी बनवलेला, तो दहा लाखांच्या पुढे जातो आणि सीडी ७०५.६ किलोहर्ट्झवर नेतो. हिशोब मांडला तर हा फिल्टर जवळपास दीड सेकंद लांबीचा होतो, म्हणजे पुढचा आवाज येईपर्यंत त्याला थांबावं लागतं. प्ले दाबल्यावर आवाज पाऊणएक सेकंदानं निघतो, आणि टीव्ही जोडला तर बोलणाऱ्याचे ओठ पुढे, शब्द मागे. त्यासाठी त्यात वेगळा व्हिडिओ मोड ठेवावा लागला. आला तेव्हा किंमत साडेतीन हजार पौंडांच्या घरात. इंजिनिअर म्हणून या कामाला माझा कडक सलाम. ऐकणारा म्हणून मी हात जरा आखडता घेतो.

माझ्याकडे एक जुना डॅक आहे, ओव्हरसॅम्पलिंग मुळीच न करणारा. या जातीचे चाहते पुष्कळ, "नैसर्गिक" हा त्यांचा आवडता शब्द. असा डॅक प्रत्येक सॅम्पल पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो, पायऱ्यापायऱ्यांनी. त्याची किंमत वरच्या सुरांत मोजावी लागते: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० ला तीन डेसिबलहून थोडी जास्त घट. याला ८८.२ वर नेलेला सिग्नल दिला की २० किलोहर्ट्झची घट पाऊण डेसिबलवर येते. हा फरक श्रद्धेचा नाही, मीटरवर दिसणारा आहे. झांजा, संतूरचा आघात, तबल्याच्या चाटीची धार, यांत तो ऐकूही येतो. म्हणजे माझ्या नाही, शेजारच्या पोराच्या कानाला. माझ्या वयात १२ किलोहर्ट्झच्या वरचा कारभार बंद झालेला असतो. महागडी यंत्रं घ्यायची ऐपत येते तेव्हा ती पुरती ऐकणारे कान गेलेले असतात, हा या छंदातला जुना विनोद.

माझ्या दुसऱ्या, नव्या डॅकवर मात्र गोष्ट वेगळी. पोरगा म्हणाला, "काका, डबा लावल्यावर आवाज बघा कसा मऊ झाला, कडा गेल्या." आवाज मऊ झाला होता हे खरं. मी मल्टिमीटर काढला.

हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. आजकालच्या जोरात मास्टर केलेल्या सीडींत सॅम्पल अगदी छतापर्यंत भरलेली असतात. दोन सॅम्पल छताला टेकलेली असली की त्यांच्या मधून जाणारी खरी रेघ छताच्या वर जाते. अपस्केलर ते मधलं सॅम्पल काढायला जातो तेव्हा त्याला जागा उरत नाही आणि आवाज चिरतो. म्हणून शहाणा डबा, किंवा शहाणं सॉफ्टवेअर, आधी आवाज तीन-चार डेसिबल खाली घेतं आणि मग गणित करतं. बरोबरच आहे. पण आता तुलना कशाची चालली आहे? एकीकडे पूर्ण आवाज, दुसरीकडे चार डेसिबल कमी. कमी आवाज मऊ लागतोच, त्याला कुठल्याही गणिताची गरज नाही.

तर करायचं असं. एका फाइलमध्ये ६० हर्ट्झचा सूर घ्या. ५० नको, १०० ही नको, तिथे मेन्सची आणि ट्रान्सफॉर्मरची भेसळ असते. आणि फार वरचा सूरही नको, साधे मल्टिमीटर तिथे खोटं बोलतात. स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. आमच्याकडे डब्याविना २.०० व्होल्ट आले, डबा लावल्यावर १.२६. बरोबर चार डेसिबल. आवाज वाढवून पुन्हा २.०० वर आणला, पोराला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मी डबा आत-बाहेर करत गेलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "काका, आता काही सांगता येत नाही." त्याच्या चेहऱ्यावर निराशा होती, पण कबुली चोख दिली. असं सांगणारे कमी भेटतात.

यात नवल नाही. बॉस्टनमध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये छापलेल्या चाचणीत उच्च दर्जाच्या डिस्क आणि त्यांचाच सीडीच्या मापात उतरवलेला आवाज लोकांसमोर ठेवले, तर ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणेफेक यापेक्षा वाईट नसती. पुढे २०१६ मध्ये रीस यांनी १८ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर निघालं. म्हणजे काहीतरी आहे, पण केसाएवढं. तेही खरी जास्तीची माहिती असलेल्या रेकॉर्डिंगबद्दल. सीडीवरूनच काढलेले मधले ठिपके त्याच्या पुढे जाणार नाहीत.

आणि आपण ऐकतो काय? वडील नागपूरचे, १९५६ ला नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली तेव्हा सचिवालयाबरोबर इकडे आले. त्यांच्या ट्रंकेतून मला मिळाल्या त्या कॅसेटी, आणि मी घेतल्या त्या बहुतेक जुन्या टेपवरून उतरवलेल्या सीडी. कॅसेटवर १५ किलोहर्ट्झ टिकले तरी नशीब. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रिकांत तर तीन-चार किलोहर्ट्झच्या वर फारसं काही सापडत नाही. तिथे २२ किलोहर्ट्झचा कडा दहा लाख गुणाकारांनी गुळगुळीत करून मिळवायचं काय? भारत भवनाच्या अंतरंग सभागृहात पुढच्या रांगेत बसून ऐकलेला तानपुरा कानात आहे. त्याच्या जवळ जाण्यात माझ्या खोलीला मदत केली ती स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढण्यानं आणि समोरच्या भिंतीवर टांगलेल्या जाड सतरंजीनं.

डबा मी परत केला. अपस्केलिंग मात्र ठेवलं, जुन्या डॅकपुरतं, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, सॉक्स नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं, दर ८८.२, आवाज आधी चार डेसिबल खाली. तुम्हाला करून पाहायचं असेल तर याच वाटेनं जा. व्होल्युमिओ किंवा मूड या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयार मिळते. ४४.१ चं दुपटीत किंवा चौपटीतच न्या, ४८ किंवा ९६ वर उगाच वळवू नका. संगणकावरून वाजवत असाल तर तो स्वतःच मधे दर बदलत नाही ना, हे आधी तपासा. मल्टिमीटर नसेल तर कुणाचा मागून आणा. मग दुसऱ्या कुणाला बटण फिरवायला सांगा आणि पाठ करून बसा. फरक ओळखू आला तर खुशाल डबा घ्या, माझी ना नाही. आणि हे सगळं डिसेंबरात करा.