कानाचं माप

गायक-वादक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांनी बहुतेक सगळं वाचून ठेवलेलं असतं. ड्रायव्हर, म्हणजे आतले चिमुकले स्पीकर, सहा बरे की बारा, केबल तांब्याची घ्यावी की चांदीची, कंपनी अमेरिकन की चिनी. एक प्रश्न मात्र ते माझ्यासाठी राखून ठेवतात: मॅडम, एवढे पैसे घालण्यासारखं आहे का हे? आपल्या कानाच्या मापाने करून घेतलेले, म्हणजे कस्टम, इन-इअर इअरफोन साधारण तीस-पस्तीस हजारांपासून सुरू होतात आणि दीड-दोन लाखांच्याही पलीकडे जातात. दुसरीकडे दोन-तीन हजारांचे तयार इअरफोन आज खरोखर छान वाजतात. तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

माझं मूळ काम श्रवणयंत्रांचं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानाचं माप घ्यायचं, त्यावरून साचा करायचा आणि तो कानात नीट बसेपर्यंत घासत राहायचं. संगीतवाले नंतर येऊ लागले. त्यामुळे मी या वस्तूकडे कानाच्या बाजूने बघते, आणि तिथून बघितलं की उत्तर बरंच सोपं होतं. कस्टम इन-इअरची किंमत त्यांच्या बसण्यात आहे. ते नेमके बसले आणि तुमच्या कामाला तसं बसणं लागत असलं, तर पैसा वसूल. यातलं एक जरी नसलं, तर आत कितीही ड्रायव्हर असोत, मी तरी नको म्हणते.

मोठ्या माणसाची कर्णनलिका अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. ती सरळ नसते, तिला दोन वळणं असतात. बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग मऊ कूर्चेचा, आतला हाडाचा. हाडावरची त्वचा इतकी पातळ आणि हळवी, की तिथे जरासा टोकदार स्पर्श झाला तरी माणूस खुर्चीतून उडतो. एकाच माणसाचा डावा कान उजव्यासारखा नसतो. वर्षानुवर्षं कान बघूनही पुढचा कान कसा निघेल, हे मला आधी सांगता येत नाही.

माप घेण्याआधी ऑटोस्कोपने आत बघायचं. मळ साचला असेल, पडद्याला भोक असेल, जुनी शस्त्रक्रिया असेल, तर तिथेच थांबून ईएनटी डॉक्टरांकडे पाठवायचं. सगळं ठीक असेल तर दोरा बांधलेला स्पंजचा बारीक बोळा दुसऱ्या वळणाच्या पलीकडे सरकवायचा, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. याच वेळी पुष्कळांना ठसका लागतो. व्हेगस मज्जातंतूची एक शाखा कानाच्या नलिकेत येते. तिला डिवचलं की घशात खवखवतं. आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस घाबरतो. मग दोन डब्यांतलं सिलिकॉन सारखं घेऊन, रंग एकजीव होईपर्यंत मळायचं. हातात लॅटेक्सचे मोजे नकोत, त्यातल्या गंधकाने हे सिलिकॉन नीट घट्ट होत नाही. ते सिरिंजमध्ये भरून आधी नलिका, मग कानाची वाटी, मग वरची घडी भरत यायचं. सिरिंजचं टोक सतत सिलिकॉनमध्ये बुडलेलं हवं, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो. भरून झाल्यावर वरून बोटाने दाबायचा मोह फार होतो. दाबलं की मऊ कान पसरतो आणि माप खोटं येतं. हात मागे घ्यायचे आणि पाचेक मिनिटं थांबायचं.

गायकांच्या बाबतीत यात एक गोष्ट वाढते. सिलिकॉन भरण्याआधी दातांत ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवायचं. जबड्याचा सांधा कर्णनलिकेच्या अगदी पुढ्यात असतो. तोंड उघडलं की जबड्याच्या हाडाचं टोक पुढे सरकतं आणि नलिकेची पुढची भिंत त्याच्यामागे जाते, म्हणजे नलिका रुंदावते. हे कुणालाही करून बघता येतं: करंगळी हलकेच कानात घालून जांभई द्या. तोंड मिटून घेतलेल्या मापाचा साचा गाताना आकार लावताच सैल पडतो. ज्याला घरात बसून नुसतं ऐकायचंय, त्याला याने फारसा फरक पडत नाही. ज्याला गायचंय, त्याचं सगळं यावर अवलंबून असतं.

एक गायिका दुसरीकडे केलेले महागडे इन-इअर घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. तक्रार अशी की खाली सगळं भरलेलं ऐकू येतं, पण वर गेलं की तळ निघून जातो. कंपनीने ड्रायव्हर तपासून "काही दोष नाही" असं कळवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मी त्यांच्या फोनवर त्यांच्याच पट्टीतला तानपुरा लावायला सांगितला आणि म्हटलं, ताई, गाऊ नका, नुसता तोंडाने मोठा आकार करा. त्यांनी तोंड उघडलं आणि लगेच मान वर करून माझ्याकडे बघितलं. खर्जाची तार गेली होती. जवारीची झिलई तशीच कानात होती, जोडीच्या तारांचं टोक ऐकू येत होतं, पण खालचा पाया नाहीसा झाला होता. तोंड मिटलं, खर्ज परत आला. फट डोळ्याला दिसणारही नाही एवढी बारीक असली तरी खालचे स्वर आधी तिच्यातून निसटतात, वरच्यांना तिचं काही वाटत नाही. गेलेला खर्ज भरून काढायला माणूस आवाज वाढवतो, त्याने वरचं आणखी टोचायला लागतं. तोंड उघडं ठेवून नवीन माप घेतलं, त्यावरून कवच पुन्हा केलं. आतले ड्रायव्हर तेच होते.

तेव्हापासून इन-इअर देताना मी हीच तपासणी करते. तानपुरा लावायचा, आकार लावायला सांगायचा, मान दोन्हीकडे वळवायला लावायची, हसायला लावायचं. खर्ज जाग्यावर राहिला तर माप बरोबर.

या वस्तूचा उगमच कर्णयंत्रात आहे, हे मला फार जवळचं वाटतं. यातले बहुतेक ड्रायव्हर बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे असतात. काही मिलिमीटरची धातूची डबी, तिच्यात दोन चुंबकांच्या मधोमध तोललेलं एक पातं, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून प्रवाह गेला की पातं थरथरतं आणि एका बारीक पिनेने ती थरथर डबीतल्याच पडद्याला पोचवतं. अमेरिकेतल्या नोल्ससारख्या कंपन्यांनी हे भाग श्रवणयंत्रांसाठी घडवले. व्हॅन हॅलेन या रॉक बँडचा ध्वनी सांभाळणारा जेरी हार्वी याने 1995 मध्ये त्या बँडच्या ड्रमरसाठी, अॅलेक्स व्हॅन हॅलेनसाठी, कानाच्या मापाचे मॉनिटर केले आणि त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. सुरुवात झाली ती रंगमंचावरच्या कल्लोळात माणसाला ऐकू कसं येणार या अडचणीतून. आरामखुर्चीत बसून संगीत ऐकणारे या वस्तूकडे नंतर वळले, आणि आकडे वाढवण्याची चढाओढही मग सुरू झाली.

या आकड्यांचं मला मुळीच कौतुक नाही. ड्रायव्हर जास्त म्हणजे आवाज चांगला, असा हिशोब नाही. स्वरांची वाटणी करणारी विद्युतमंडळं नीट जुळली नाहीत, तर दहा ड्रायव्हर दोघांपेक्षा वाईट वाजतात. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांचा वारंवारता-प्रतिसाद (फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स) मोजून त्यांच्या किमतींशी ताडून पाहिला. दोन्हींत काही संबंध सापडला नाही. प्रतिसाद म्हणजे सगळा नाद नव्हे, हे मान्य. पण जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त खरं ऐकू येणार, हा विश्वास तेवढ्याने ढिला व्हायला हवा. घरी, शांत खोलीत ऐकणाऱ्याला म्हणून मी सरळ सांगते: तयार इअरफोन घ्या, आणि बरोबर आलेल्या सगळ्या मापांच्या टिपा लावून बघा. बहुतेक जण मधली टीप लावून मोकळे होतात. एका कानाला मोठी आणि दुसऱ्याला लहान लागणं अगदी साधी गोष्ट आहे. तरीही बसत नसेल तर त्याच इअरफोनसाठी कानाच्या मापाची मऊ सिलिकॉनची टोपी करून घेता येते. काही हजारांत काम होतं, आणि इअरफोन बदलता येतो.

रंगमंचावरच्या माणसाचं गणित वेगळं आहे. पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरने ड्रमच्या शेजारी स्वतःचा आवाज ऐकायचा, म्हणजे स्पीकरचा आवाज त्या ड्रमच्या वर न्यावा लागतो. अमेरिकेच्या नायोश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. कार्यक्रम तीन तासांचा असतो. चांगलं बसलेलं ॲक्रिलिकचं कवच बाहेरचा गोंगाट 25 डेसिबलच्या आसपास अडवतं, त्यामुळे आत आवाज कमी ठेवूनही सूर स्पष्ट मिळतो. कमी ठेवला तरच हं. महागडे इन-इअर घेऊन जुन्याच सवयीने आवाज चढवणारे खूप आहेत. प्रेक्षकांची दाद ऐकू यावी म्हणून एक काढून खांद्यावर सोडणारे तर त्याहून जास्त. दोन कानांनी मिळून जे जोरात ऐकू येतं ते एका कानाला तेवढं येत नाही, म्हणून उरलेल्या कानात आवाज वाढतो आणि मोकळ्या कानावर स्टेज आदळत असतंच. असं करणार असाल तर कृपा करून हे पैसे घालू नका.

गायकांना आणखी एक सवय करावी लागते. कान बंद झाला की स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा घुमतो, कारण नलिकेचा कूर्चेचा भाग आपल्या आवाजाने थरथरतो आणि ती थरथर आत कोंडली जाते. साचा दुसऱ्या वळणापलीकडे, हाडाच्या भागापर्यंत गेला तर घुमणं बरंच कमी होतं. हेही शेवटी मापावरच येतं. बोळा उथळ ठेवणाऱ्याकडून खोल साचा कसा मिळणार?

गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकातली मुलं येतात. रीलमध्ये कुणाच्या तरी कानात चकचकीत इन-इअर बघितलेले असतात. त्यांना मी ते देत नाही. त्यांना काही ऐकवायचं नाहीये, ताशाचा मारा कमी करायचाय. त्यासाठी कानाच्या मापाचे, फिल्टर लावलेले प्लग असतात. एटिमॉटिक कंपनीचा ईआर-15 हा फिल्टर 1988 सालचा. तो खालचे-वरचे सगळे स्वर जवळपास सारखेच 15 डेसिबलने उतरवतो, त्यामुळे ठेका गढूळ होत नाही, नुसता लांब गेल्यासारखा वाटतो. कापूस कोंबला की वरचं मरतं आणि ढोलाचा धमधमाट तसाच राहतो, म्हणून मुलं तो काढून फेकतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीत तासन् तास वाजवणाऱ्या मुलासाठी हा काही हजारांचा प्लग मला दोन लाखांच्या इन-इअरपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि सुरुवातीला ते कळतही नाही. पुढे पंचविशीतल्या पोराचा ऑडिओग्राम 4000 हर्ट्झपाशी खचलेला बघावा लागतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

तरीही कस्टम घ्यायचं ठरलं, तर काही गोष्टी आधी समजून घ्या. ते दुसऱ्याच्या कानात बसत नाहीत, त्यामुळे विकायचे म्हटले तर जवळपास काहीच येत नाही. वजन बरंच वाढलं किंवा उतरलं की फट पडते, वयानेही कान बदलतो, काही वर्षांनी कवच पुन्हा करावं लागतं. पावसाळ्यात कानात बुरशी होणं आपल्याकडे नेहमीचं आहे. घामेजल्या कानात तासन् तास साचा ठेवला की ती ओढवून घेतल्यासारखंच, म्हणून काढल्यावर पुसा, नळीतला मळ काढा आणि ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवा.

पहिल्या महिन्यात कवच सैल किंवा घट्ट निघालं तर किती वेळा फुकट दुरुस्त करून देणार आणि नव्या मापाचा खर्च कुणाचा, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. माप घ्यायला बसलात आणि समोरच्याने ऑटोस्कोप न लावताच सिलिकॉन मळायला घेतलं, तर त्याला तिथेच थांबवा. गाणारे असाल तर दातांत धरायचा ठोकळा तुम्ही स्वतः मागा.