टाचणवही आणि मोबाईल

छावणीत राहणाऱ्या आम्हा कुटुंबांतील काही मुली सध्या बी. एड. करीत आहेत. हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, तशी शाळांतील आंतरवासिताही लांबली. रविवारच्या मिस्सानंतर या छात्राध्यापिका भेटल्या, की सराव पाठांच्या गोष्टी निघतात आणि वर्गात मोबाईल असावा की नसावा, यावर वाद रंगतो.

गंमत अशी, की बहुतेकींना मोबाईल स्वतःच्या हाती हवा असतो, विद्यार्थ्यांच्या हाती नको. रात्र जागून तक्ता रंगविण्यापेक्षा हृदयाच्या झडपांची उघडझाप पडद्यावर दाखविणे सोपे, हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळविले. त्यांचा दाखला या मुली हटकून देतात. परंतु मुलांची घरची भाषा कानडी म्हणून गुरुजी आधी कानडी शिकले, हे मात्र कुणी सांगत नाही!

विद्यार्थ्यांच्या मोबाईलचा विषय निघाला, की आम्हांला कोरोनाचे दिवस आठवतात. २०२० साली शाळा मोबाईलनेच तगवली, हे खरे. पण कित्येक घरांत मोबाईल एकच. तो वडिलांबरोबर वाळूजला पाळीवर गेला, की मुलांची शाळा बुडाली. आजही घरून मोबाईल आणावयास सांगितले, तर कोणती मुले माना खाली घालतील, हे शिक्षिकेला ठाऊक असावयास हवे.

परवा एक मुलगी म्हणाली, “निरीक्षणाला आलेल्या मॅडमच मागच्या बाकावर मोबाईल पाहत होत्या. मग मी मुलांना काय सांगू?” साऱ्या हसल्या. आम्हांला हसू आले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये अशीच खंत बोलून दाखविली होती. मिस्साच्या वेळी मोबाईल उंचावणाऱ्यांत केवळ भाविकच नव्हे, तर धर्मगुरू आणि बिशपही दिसतात, असे ते म्हणाले होते.

बंदीने हे सुटेल असे आम्हांस वाटत नाही. पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा रकाना असतोच. मोबाईल कोणत्या मुद्द्याला आणि किती मिनिटे लागणार, ते तेथे लिहावे आणि उरलेला वेळ तो पिशवीत ठेवावा, असे आम्ही सुचविले. एकीने तसे करून पाहिले. पस्तीस मिनिटांच्या तासात तिला तो चारच मिनिटे लागला.