चिंध्यांची सतरंजी

चिंधी म्हटले की आपण नाक मुरडतो. वस्तुतः चिंधीचे कुळ थोर आहे. द्रौपदीने श्रीकृष्णाच्या कापलेल्या बोटाला बांधली ती चिंधीच होती, आणि तिचे ऋण त्याने वस्त्रे पुरवून फेडले, असे आपल्या लोककथा सांगतात. चिंधीचे पुन्हा वस्त्र कसे होते हे पाहावयास मला मात्र पुराणात जावे लागले नाही. आमच्या गल्लीतच ते पाहावयास मिळाले.

बेळगावातील शहापूर, वडगाव, खासबाग ही विणकरांची जुनी वस्ती. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि तेथील लुगडी नावाजलेली होती. आता येथे यंत्रमागांचाच खडखडाट अधिक. तरी शेजारच्या अण्णांचा हातमाग अजून चालू आहे.

अण्णांचा दिवस पहाटेस सुरू होतो. माग खड्ड्याचा, म्हणजे पावड्या जमिनीखाली आणि विणणारा काठावर, पाय खड्ड्यात सोडून बसलेला. जमिनीच्या ओलाव्याने सूत सहसा तुटत नाही. अक्का रहाटावर कांड्या भरितात. अण्णा पावडी दाबतात, धोटा या हातातून त्या हातात जातो, फणीचा ठोका बसतो. पाहणाऱ्याला विणणारा एकच दिसतो; पण त्या कापडात साऱ्या घराचे हात असतात. देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) सुमारे ३५ लाख कामगार मोजले गेले आणि त्यांत स्त्रियाच बहुसंख्य निघाल्या, हे वाचून मला अक्कांचा रहाट आठवला.

लुगड्यांना गिऱ्हाईक नसले म्हणजे अण्णा मागावर जाड सुताचा ताणा चढवून चिंध्यांच्या सतरंज्या विणतात. आमच्या घरची सतरंजी त्यांनीच विणली. आजीचे विटलेले हिरवे लुगडे, वडिलांची धोतरे आणि माझे आखूड झालेले सदरे अक्कांनी लांब पट्ट्यांत कापले. पातळ कापडाची पट्टी रुंद, जाडाची अरुंद. नाहीतर सतरंजी खालीवर होते. पट्ट्या जोडताना गाठ मारीत नाहीत, कारण गाठ पायाला टोचते. टोकांना चीर देऊन एक पट्टी दुसरीतून ओवून घेतात. मग त्यांचे गुंडे करितात. प्रारंभी आणि शेवटी साध्या सुताचे काही धागे ठोकून बसवितात, म्हणजे चिंध्या निसटत नाहीत. उरलेल्या ताण्याच्या गाठी मारल्या की झाली सतरंजी.

“सारेच जुने, मग ताणा तरी नवा कशाला?” असे मी एकदा विचारले. अण्णा म्हणाले, “बाळ, आडवे जुने चालते. उभे नवे आणि बळकटच पाहिजे. सारा भार त्याच्यावर.” काटकसर म्हणजे सगळीकडे हात आखडणे नव्हे; कोठे आखडू नये, हे कळणे ही खरी काटकसर, हा धडा मला तेथे मिळाला.

परंतु हे शिकविणाऱ्याचा संसार त्या शिक्षणावर चालत नाही. एकदा एक बाई सतरंजी न्यावयास आल्या आणि मजुरी ऐकून म्हणाल्या, “एवढे? चिंध्या तर आमच्याच!” अण्णा शांतपणे उत्तरले, “चिंध्या तुमच्याच, वहिनी. पण दिवस माझे आहेत.” बाईंनी घासाघीस करून काही रुपये कमी केलेच. १९८५च्या कायद्याने सतरंजी हातमागासाठी राखून ठेविली आहे. पण कायदा माग राखील, विणणाऱ्याच्या दिवसांची किंमत गिऱ्हाइकानेच द्यावयाची असते. ती मिळेना, म्हणून अण्णांचा मुलगा यंत्रमागावर मजुरीस जातो. त्याला दोष कोण देईल?

आमच्या सतरंजीवर बसून मी अभ्यास करितो. तिच्यातला हिरवा पट्टा आजीचा, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. पण तिला एकत्र धरणारा उभा धागा सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. विणकराचेही तसेच झाले आहे. आपण त्याच्या कलेचे कौतुक करितो आणि त्याच दमात भाव पाडून मागतो. कौतुकाने त्याच्या चुलीवर भात शिजत नाही. जे हात फाटलेल्याला पुन्हा उपयोगी करितात, त्यांना त्यांचे मोल पुरते दिले, तरच पुढच्या पिढीच्या हाती धोटा राहील.