जोगाईच्या आंब्यात दीड दिवस

स्पेनमधील आविला नगरीला जाऊन आलेले आपले यात्रेकरू तिच्या तटबंदीविषयी आणि संत तेरेझाविषयी भरभरून बोलतात. ते ऐकावयास मलाही आवडते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला मात्र, तेथे कुलदेवता असल्याखेरीज, आमच्या किनारपट्टीवरून सहसा कोणी मुद्दाम जात नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तेथे गेलो, ते एका जुन्या स्नेह्यांच्या आग्रहामुळे. ते तेथे मराठीचे अध्यापन करीत असत. हाती अवघा दीड दिवस होता.

परळी वैजनाथला रेल्वेतून उतरून एस. टी. धरली. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या या गावाचे जुने नाव जोगाईचे आंबे. योगेश्वरी ही कोकणातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. तिचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता, परंतु मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी पाषाण झाले, अशी कथा आहे. हत्तीखाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्याच्या अंगणातील दगडी हत्ती पाहिले, की ही कथा कशी जन्मली असेल ते ध्यानी येते. तेथून बाराखांबी मंदिराचे अवशेष पाहिले. दिवस कलता कलता, गावाबाहेरच्या दरीत, मुकुंदराजांच्या समाधीपाशी पोहोचलो. त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा रचनाकाल शके 1110, म्हणजे इसवी सन 1188, असा सांगतात. काळाविषयी आणि स्थळाविषयी पंडितांत मतभेद आहेत. काहीजण मुकुंदराजांचा संबंध विदर्भातील आंभोऱ्याशी जोडतात. “वाद चालू द्या,” स्नेही हसून म्हणाले, “दिवा लावणारे रोज दिवा लावतातच.”

मला ओढ होती ती दासोपंतांच्या पासोडीची. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे सुती वस्त्र. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा वस्त्रावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय ओवीबद्ध लिहिला. पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी आणि देह कसे घडतात, याचे ते विवेचन. या माणसाला लिहिण्यासाठी रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे परंपरा सांगते. चार शतकांचे ते जीर्ण वस्त्र आमच्यासारख्या वाटसरूंसाठी उलगडावयास सांगणे मनाला प्रशस्त वाटले नाही. आम्ही छायाचित्रांवर समाधान मानले. मग स्नेह्यांच्या अंगणात पत्नीने दोरीने चाळीस फूट मोजले. दोरी तुळशीवृंदावनापासून निघून फाटकाबाहेर रस्त्यावर गेली!

ती दोरी गुंडाळताना मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. दासोपंतांचा जन्म 1551 चा, फादरांचा 1549 चा. एक मराठवाड्यात, दुसरे इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आलेले. दोघांनीही मराठी ओवीच जवळ केली. फादरांचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला रोमन अक्षरांत छापले गेले; पुढे 1649 व 1654 साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1684 साली तर पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूमच काढला. तरीही ग्रंथ वाचला, तो भाविकांनी हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. त्यांच्याच आधारे 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापता आला. म्हणजे छापखाना असूनही ज्या ग्रंथाच्या प्रती नष्ट झाल्या, तो घरांनी राखला. आणि छापखान्याचे वारेही न लागलेले वस्त्र आंब्यातील घरांनी राखले. दगडाला कोणी विचारले नाही तरी तो शतकानुशतके उभा राहतो. शब्दाला मात्र घर लागते, आणि त्या घरात पुढच्या पिढीच्या हाती देणारा कोणीतरी लागतो.

परतीच्या प्रवासात मनात वसईच होती. आमच्या सामवेदी बोलीतील लग्नाची गाणी माझ्या मावशीला मुखोद्गत आहेत. तिने ऐंशी ओलांडली आहे. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी वही घेऊन तिच्यापाशी बसलो. हळद दळतानाचे एक गाणे तिने सुरू केले, दोन कडवी म्हटली आणि तिसऱ्यापाशी ती थांबली. “पुढचे थोरलीला यायचे,” ती म्हणाली. थोरली मावशी जाऊन सात वर्षे झाली. वहीत त्या कडव्यापुरती जागा मी कोरी सोडली आणि पुढचे गाणे घेतले. आजवर नऊ गाणी उतरली आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे गाणारे माणूस असेल, तर त्यांनी सुट्टीची वाट पाहू नये.